परवलीचा शब्द विसरल्यास

कुलूप किल्लीला ओळखतें, धन्याला नाहीं. लॅपटॉपच्या बाबतींत हा नियम अधिकच कडक आहे. कारण परवलीचा शब्द खुद्द यंत्रांतहि जसाच्या तसा ठेवलेला नसतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठांत १९६० नंतर अनेकजण एकच संगणक वापरूं लागले, तेव्हां फर्नांडो कोर्बाटो यांच्या योजनेंत प्रत्येकाला स्वतंत्र शब्द मिळाला. परंतु सगळे शब्द एकाच फाइलींत होते, आणि १९६२ सालीं तेथील एका संशोधकानें ती फाइलच छापून घेतली. त्याच दशकांत केंब्रिजच्या रॉजर नीडम व माइक गाय यांनीं तोड काढली ती अशी कीं, यंत्रानें शब्द न ठेवतां गणितानें काढलेली त्याची खूण तेवढी ठेवावी. खुणेवरून शब्द उलट काढतां येत नाहीं. म्हणूनच विसरलेला शब्द कोणी सांगूं शकत नाहीं. फार तर नवा ठरवितां येतो.

कल्याण-कसारा लोहमार्गावर, टिटवाळा व वासिंद यांच्यामध्यें, भातसा नदीच्या कांठीं खडवली आहे. तेथील एखाद्या घरांत लॅपटॉप अडून बसला, तर तो पिशवींत घालून कल्याणचें दुकान गांठावें, हाच विचार प्रथम सुचेल. दुकानांत यंत्र कोरें करून देण्यास फारसा वेळ लागत नाहीं. परंतु तेवढ्या वेळांत जमिनीचे उतारे, मुलांचीं प्रमाणपत्रें आणि दिवंगत वडिलांचीं छायाचित्रें कायमचीं जातात. तेव्हां गाडी पकडण्यापूर्वीं कांहीं गोष्टी घरींच तपासाव्या.

मराठी घरांत पहिला संशय कळफलकावर घ्यावा. भाषा मराठीवर राहिली असेल, तर इंग्रजी शब्द म्हणून दाबलेल्या कळा भलतींच अक्षरें उमटवितात, आणि ठिपक्यांआड तीं दिसत नाहींत. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यांतील भाषेची खूण, तसेंच कॅप्स लॉक, पाहून घ्यावें. घाईनें पुनःपुन्हा प्रयत्न करूं नये. विंडोज ११ च्या अलीकडील आवृत्त्यांत लागोपाठ दहा चुका झाल्या कीं दार दहा मिनिटें बंदच होतें.

त्यानंतर खातें कोणतें तें पाहावें. मायक्रोसॉफ्टचें असल्यास फोनवरूनहि शब्द बदलतां येतो. मात्र नवा शब्द मान्य होण्यासाठीं लॅपटॉप इंटरनेटला जोडलेला हवा. खातें त्या यंत्रापुरतेंच असेल, तर चुकीच्या शब्दानंतर पूर्वीं नेमलेले प्रश्न विचारून वाट मोकळी करण्याची सोय विंडोज १० मध्यें २०१८ पासून आहे. प्रश्न नेमलेले नसले, तरी त्याच यंत्रावर सर्वाधिकार असलेलें दुसरें खातें असेल, तर तेथून नवा शब्द ठरवितां येतो.

हेंहि नसेल तर? रायगडाची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. संध्याकाळीं दरवाजे मिटले, आणि तान्ह्या बाळाच्या ओढीनें हिरकणी कडा उतरून गेली. पुढें त्याच जागीं बुरूज बांधला गेला. कारण आईला सांपडलेली वाट शत्रूलाहि सांपडली असती. संगणकांतहि असा कडा होता. आंतली तबकडी काढून दुसऱ्या यंत्राला जोडली कीं फाइली वाचतां येत. बिटलॉकरनें तेथें बुरूज उभारला आहे. तबकडी सांकेतिक लिपींत असली, तर ४८ अंकी किल्लीवांचून तींतील कांहीं वाचतां येत नाहीं. ही किल्ली पुष्कळदां धन्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत जपलेली असते. तेथें नसली आणि कागदावरहि नसली, तर ती मायक्रोसॉफ्टलाहि नव्यानें देतां येत नाहीं. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष सुधारणेमुळें जगांतील सुमारें ८५ लक्ष संगणक बंद पडले, तेव्हां अनेक कचेऱ्यांत खरा खोळंबा झाला तो या किल्ल्या शोधण्यांत.

सारांश, उपाय आपत्तीपूर्वींचा आहे. सर्वाधिकाराचें दुसरें खातें घरांतील विश्वासू माणसाच्या नांवें असावें. खात्याला जोडलेला फोन-क्रमांक चालू असावा. ४८ अंक कागदावर उतरून घराच्या दस्तऐवजांबरोबर कपाटांत ठेवावे, आणि महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत निराळ्या जागीं असावी. कर्ता पुरुष अकस्मात् गेला, तर पेटी फोडतां येते. हें कुलूप फोडतां येत नाहीं.