फवारलेल्या औषधाचं नाव

आपल्याकडे पिकावरच्या विषालाही 'औषध'च म्हणतात. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर ते फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

अशा रोग्याबद्दल डॉक्टर आधी विचारतात, 'काय फवारलं होतं?' ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या विषावर अ‍ॅट्रोपीन चालतं, सगळ्याच विषांवर नाही. पंपात काय मिसळलं ते वावराच्या मालकाला माहीत, मजुराला नसतं. त्यात तो बेशुद्ध असला तर सांगणार कोण?

म्हणून मालकांनो, फवारणीआधी प्रत्येक डब्यावरच्या लेबलाचा मोबाइलवर फोटो काढा आणि मजुराच्या घरीही पाठवा. दिल्लीच्या 'एम्स'मधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राकडून डॉक्टरांना फोनवर सल्ला मिळतो. पण नाव आपणच पोचवायचं. फोटो नसला तरी दवाखाना गाठायला मात्र थांबू नका.