स्ट्रीम केलं, तरी सर्व्हर का पडला?

आजचा विषय माझ्याच एका चुकीवरून सुचलाय.

नोकरीचं पहिलं वर्ष. नोड जेएसमध्ये मी रिपोर्ट डाउनलोड करायचं बटण बनवलं. जुना कोड सगळा डेटा मेमरीत गोळा करून एकदम पाठवायचा. मी म्हटलं, आपण स्ट्रीम करू, तुकड्यातुकड्याने पाठवू. लॅपटॉपवर मस्त चाललं. महिनाअखेरीला सर्व्हर पडला. कंटेनरचा एक्झिट कोड होता १३७. म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ नंबरचा सिग्नल म्हणजे किल. मेमरी संपली की लिनक्सचा ओओएम किलर हेच करतो. रिपोर्ट घेणारे मोजकेच होते, पण त्यांच्यासोबत सर्व्हरवरचे बाकीचे सगळेच बाहेर फेकले गेले.

स्ट्रीम केलं होतं, मग मेमरी भरली कशी?

घरी बाटलीत तेल भरताना आठवा. नरसाळ्याचं तोंड मोठं, खालची नळी बारीक. आई थोडं ओतते, थांबते, पुन्हा ओतते. मी न थांबता ओतत होतो.

हिशोब बघा. रिपोर्ट ५०० एमबीचा. डेटाबेसकडून सेकंदाला ५० एमबी येतायत, पण समोरचा माणूस मोबाइलवर सेकंदाला १ एमबीच घेतोय. १० सेकंदांत ५०० एमबी आत आले, १० एमबी बाहेर गेले. उरलेले ४९० एमबी कुठे? सर्व्हरच्या मेमरीत! असे दहा जण आले की झाले जवळपास ५ जीबी.

गंमत म्हणजे नोड आपल्याला सांगत असतो. राइट फंक्शन ट्रू किंवा फॉल्स परत देतं. बफर ठरलेल्या खुणेपर्यंत भरला की फॉल्स. त्या खुणेला हायवॉटरमार्क म्हणतात. डीफॉल्ट आधी १६ केबी होती, नोड २२ पासून ६४ केबी. पण लक्षात ठेवा, ही खूण आहे, कुलूप नाही. फॉल्स आल्यावरही तुम्ही लिहीत राहिलात, तर नोड निमूटपणे साठवत राहतो. मी ते उत्तर कधी बघितलंच नव्हतं.

बरोबर पद्धत अशी: फॉल्स आला की थांबायचं, ड्रेन इव्हेंट आला की पुन्हा सुरू. यालाच बॅकप्रेशर म्हणतात. हाताने करायचं नसेल तर पाइपलाइन फंक्शन वापरा. पाइपसुद्धा वेग सांभाळतो, पण समोरच्याने मध्येच टॅब बंद केला तर मूळ स्ट्रीम तो बंद करत नाही, ती लटकून राहते. पाइपलाइन दोन्ही बाजू आवरून घेते. आणि हो, डेटाबेसमधूनही कर्सरनेच वाचा. तिथे सगळ्या ओळी एकदम मागवल्या तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

माझ्या टेस्टिंगमध्ये हे का दिसलं नाही? कारण पाठवणारा आणि घेणारा एकाच लॅपटॉपवर, दोघेही तितकेच वेगवान. आता मी कर्लचा लिमिट रेट पर्याय लावून मुद्दाम हळू डाउनलोड करतो आणि शेजारी मेमरीचा आकडा बघत बसतो. आकडा एका जागी स्थिर राहिला तर ठीक. चढतच गेला तर कुठेतरी आपण थांबायला विसरलोय.

आज तुमच्या प्रोजेक्टमध्ये राइट शोधा. त्याचं उत्तर कुणी ऐकतंय का, तेवढं बघा. भेटू पुढच्या भागात!