प्रतिभा : देणगी की कमाई?

प्रतिभा ही जन्मजात देणगी. ती असते किंवा नसते, असे आपण धरून चालतो. हा शब्द ज्या संस्कृत काव्यशास्त्रातून मराठीत रुळला, ते शास्त्र मात्र इतके सरळ उत्तर देत नाही. ‘भा’ म्हणजे प्रकाशणे. ‘प्रति’ जोडला की अर्थ होतो मनासमोर उजळणे, सुचणे. काश्मीरच्या भट्ट तौतांनी सतत नवे फुलवणाऱ्या बुद्धीला प्रतिभा म्हटले. पण हे सुचणे कशाच्या बळावर? अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त तीन गोष्टी सांगितल्या: शक्ती, म्हणजेच प्रतिभा; लोकव्यवहार, शास्त्रे आणि काव्ये यांच्या निरीक्षणातून येणारे नैपुण्य; आणि जाणकारांच्या हाताखाली केलेला अभ्यास. तिन्ही सांगून शेवटी ‘हेतू’ हा शब्द त्याने एकवचनी वापरला. कारणे तीन नाहीत, तिघांचे मिळून कारण एकच, असा खुलासाही त्याने स्वतःच केला.

यावर कोणी म्हणेल, सतराव्या शतकातल्या जगन्नाथ पंडितांनी तर ‘रसगंगाधरा’त केवळ प्रतिभेलाच काव्याचे कारण मानले. खरे आहे. पण ती प्रतिभा येते कुठून, हेही त्यांनी सांगितले आहे: कधी देवाच्या किंवा थोरांच्या कृपेतून, तर कधी असामान्य व्यासंग आणि अभ्यास यांतून. म्हणजे प्रतिभेचा सर्वांत कडवा कैवारीही ती कमावता येते, हे मान्य करतो. काव्यशास्त्रकार दंडीने तर त्याच्या कितीतरी आधी, उपजत प्रतिभा नसली तरी श्रवण-अध्ययन आणि प्रयत्न यांनी वाग्देवी काहीतरी कृपा करतेच, असा दिलासा दिला होता. जन्मजात फरक असतात, हे यांपैकी कोणीच नाकारत नाही; त्यांनी नाकारले ते एवढेच, की त्या फरकावर सगळे ठरते.

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त आणखी एक दार उघडले. निर्माण करणारी ती कारयित्री प्रतिभा आणि रसिकाची ती भावयित्री. नीट वाचणे, ऐकणे, पाहणे यालाही त्याने प्रतिभाच म्हटले. म्हणून पालकांना आणि शिक्षकांना माझे सांगणे आहे: एखाद्या मुलाच्या ‘अंगात कला नाही’ असा निकाल देण्याआधी त्याला भरपूर वाचायला, पाहायला आणि पुन्हापुन्हा करून बघायला द्या. ते न देता दिलेला निकाल अन्यायाचा आहे.