कराराबाहेर पडल्यानंतर

(कोल्हापूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे भारत सरकारने ‘प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी’ या करारात सामील न होण्याचा निर्णय जाहीर केला. ‘आरसेप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कराराच्या वाटाघाटींना नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रारंभ झाला होता. आग्नेय आशियातील १० राष्ट्रे आणि चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व भारत अशी एकूण १६ राष्ट्रे त्यात होती. सात वर्षे पंक्तीत बसलेला देश ऐन वेळी पानावरून उठला. उरलेल्या १५ राष्ट्रांनी १५ नोव्हेंबर २०२० रोजी सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून करार अमलात येऊ लागला.

बँकॉकच्या निर्णयाचे स्वागत सर्वत्र झाले. शेतकरी संघटनांना आणि सहकारी दूध संघांना तो आपल्या विरोधाचा परिणाम वाटला, विरोधी पक्षांना आपल्या दबावाचा विजय वाटला आणि सरकारने त्यात स्वतःच्या कणखरपणाचा पुरावा पाहिला. यशाला धनी पुष्कळ मिळाले. परंतु ज्या दूध उत्पादकाच्या नावाने हे सारे घडले, त्याच्या गोठ्यात त्यानंतर काय बदलले, याचा हिशेब फारसा मांडला गेला नाही. तो मांडण्यास कोल्हापूर जिल्ह्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.

या जिल्ह्याच्या शेतीचे दोन आधार आहेत, ऊस आणि दूध. उसाचा पैसा हंगामाला येतो आणि येतो तोही सोसायटीचे कर्ज वळते होऊन. दुधाचा पैसा मात्र दर दहा दिवसांनी घरात येतो. किराणा, औषधपाणी, मुलांची फी हे सारे त्यावर चालते. ज्याच्याजवळ गुंठाभर जमीन नाही, त्या शेतमजुराच्या दारातही एखादी म्हैस असते. दुसऱ्याच्या फडातले वाढे आणून तो ती सांभाळतो. १९६३ साली स्थापन झालेला जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे ‘गोकुळ’, आणि शेजारचा वारणा समूह हे अशा दोन-दोन, चार-चार जनावरांच्या बळावर उभे राहिले. गावोगावच्या दूध संस्थांच्या दारात सकाळ-संध्याकाळ लागणारी रांग हाच त्यांचा पाया आहे.

या रांगेशी न्यूझीलंडचा संबंध काय, असा प्रश्न सहज मनात येईल. दूध नाशवंत आहे. हिवाळ्यातील पुष्टकाळात ते वाढते आणि वाढलेले दूध शहरात विकले गेले नाही, तर त्याची भुकटी व लोणी करून ठेवावे लागते. म्हणजे दुधाचा दर टिकतो की कोसळतो, हे अखेर भुकटीच्या दरावर ठरते. भारत हा जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक देश आहे. जगातील सुमारे चौथा हिस्सा दूध येथे निघते आणि जवळजवळ सर्व येथेच खपते. न्यूझीलंडची लोकसंख्या ५० लाखांच्या आसपास आहे आणि तो देश आपले सुमारे ९५ टक्के दूध परदेशी विकतो. भारतात दूधभुकटीवर ६० टक्के आयात शुल्क आहे. ते शुल्क म्हणजे येथील गोठ्याचे कुंपण होय. ते काढले असते, तर फार मोठी आयात होण्याचीही गरज नव्हती. स्वस्त भुकटी बंदरात उतरल्याची बातमीसुद्धा व्यापाऱ्याला येथील भुकटीचा दर पाडण्यास पुरली असती आणि दहा दिवसांनी तो घसारा भुदरगड-राधानगरीच्या दूध बिलात दिसला असता.

मात्र न्यूझीलंडच्या शेतकऱ्याला खलनायक ठरविण्याचे कारण नाही. तेथील सर्वांत मोठी दूध कंपनी, फोंटेरा, ही शेतकऱ्यांच्याच मालकीची सहकारी संस्था आहे. त्या देशाचे लोणी आणि चीज पूर्वी मुख्यतः ब्रिटनला जात असे. १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात दाखल झाला आणि न्यूझीलंडची ती हक्काची बाजारपेठ टप्प्याटप्प्याने आकसत गेली. १९८४ नंतर तेथील सरकारने शेतीची अनुदानेही काढून घेतली. तेव्हा त्या शेतकऱ्यांनी आशियाकडे मोर्चा वळविला. २००८ साली चीनशी मुक्त व्यापाराचा करार झाला आणि नंतर दृष्टी भारताकडे लागली. एक देश व्यापारी गटात शिरतो किंवा त्यातून बाहेर पडतो, तेव्हा त्याचे ओझे कोणा तिसऱ्याच्या खांद्यावर सरकते. शेवटचा खांदा बहुधा सर्वांत दुबळा असतो.

म्हणून २०१९ चा नकार योग्यच होता. परंतु नकार म्हणजे धोरण नव्हे. तीन गोष्टींवरून हे स्पष्ट होते.

पहिली गोष्ट अशी की, चिनी मालाचे लोंढे रोखण्यासाठी कराराबाहेर राहणे आवश्यक आहे, असे तेव्हा सांगितले गेले. २०१८-१९ मध्ये चीनबरोबरच्या व्यापारातील भारताची तूट ५३ अब्ज डॉलरांहून अधिक होती. २०२४-२५ मध्ये ती ९९ अब्ज डॉलरांच्या घरात गेली. करार नसतानाही तूट वाढली, कारण औषधांचा कच्चा माल, विजेची व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, यंत्रांचे सुटे भाग यांचे उत्पादन देशात पुरेसे उभे राहिले नाही. बंद दारामागे कारखाना आपोआप उभा राहत नाही.

दुसरी गोष्ट खुद्द दुधाची. जून २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे २७ रुपये दर जाहीर केला. पुढच्याच वर्षी अनेक ठिकाणी उत्पादकाच्या हातात १७-१८ रुपये पडू लागले आणि जुलै २०१८ मध्ये दूध बंद आंदोलन करावे लागले. तेव्हा आरसेप अस्तित्वात नव्हता, परदेशी भुकटीही आली नव्हती. देशातच भुकटीचे साठे पडून होते आणि खाजगी दूध कंपन्यांवर सरकारी दराचे बंधन नव्हते. २०२३ च्या अखेरीस पुन्हा तोच प्रकार झाला आणि जानेवारी २०२४ पासून सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावे लागले. बँकॉकच्या आधी जे घडले, तेच बँकॉकनंतरही घडले. म्हणजे रोगाचे एक मूळ घरातच आहे.

तिसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. अनुदान देऊन दूध धंदा सावरण्याची धडपड चालू असतानाच, जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने १०,००० टन दूधभुकटी सवलतीच्या, म्हणजे १५ टक्के शुल्काने आयात करण्यास मुभा दिली. देशाच्या उत्पादनाच्या मानाने हे प्रमाण अल्प आहे, हे खरे. परंतु त्यासाठी ना आंतरराष्ट्रीय परिषद लागली, ना करार. एक अधिसूचना पुरली. कुंपणच शेत खाऊ लागले, तर परक्या जनावरांविरुद्ध ओरडून काय उपयोग?

बाहेर राहण्याची किंमतही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. करारातील १५ देशांत एकमेकांचे सुटे भाग वापरून केलेला माल त्या गटातलाच मानला जातो आणि त्याला शुल्कात सवलत मिळते. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून निघालेल्या ओतीव भागाला तो लाभ नाही. जपान, दक्षिण कोरिया व आग्नेय आशियाई राष्ट्रे यांच्याशी भारताचे स्वतंत्र करार असल्यामुळे वाट सर्वस्वी बंद झालेली नाही; पण अडचण आहे. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराला परदेशी कापडाची भीती आहे आणि बाहेरची बाजारपेठही हवी आहे. गोठ्याचे आणि कारखान्याचे हित प्रत्येक वेळी एकच असते, असे कार्यकर्त्यांनी गृहीत धरू नये. दोहोंची सांगड घालणे हेच राजकारणाचे काम आहे.

ती सांगड कोण घालणार, या प्रश्नावर ब्रिटनचा अनुभव बोधप्रद आहे. २३ जून २०१६ च्या सार्वमतात सुमारे ५२ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडला. सत्ता पुन्हा आपल्या हाती घेण्याची घोषणा त्या चळवळीने दिली होती. सत्ता ब्रसेल्सहून निघाली खरी, पण ती वेल्सच्या डोंगराळ भागातील मेंढपाळाकडे न जाता लंडनमधील मंत्र्यांकडे गेली. नवे करार केल्याचे दाखविण्याच्या घाईत सरकारने ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्याशी करार केले. ३१ मे २०२३ पासून ते लागू झाले आणि त्यांनी परदेशी मटण व गोमांसाला टप्प्याटप्प्याने वाट मोकळी केली. वाटाघाटींच्या काळात कृषी खात्याचे मंत्री असलेले जॉर्ज युस्टिस यांनीच पुढे पार्लमेंटमध्ये ऑस्ट्रेलियाशी झालेला करार ब्रिटनच्या फारसा हिताचा नसल्याचे सांगितले. पण तोवर सह्या होऊन गेल्या होत्या.

भारतात तर ही अडचण राज्यघटनेच्या मांडणीतच आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत १४ व्या क्रमांकावर शेती हा विषय आहे आणि संघसूचीत १४ व्याच क्रमांकावर परराष्ट्रांशी करार करण्याचा विषय आहे. म्हणजे दुधाचा दर पडला की अनुदान मुंबईने द्यायचे आणि दुधाचे शुल्क किती ठेवायचे, हे दिल्लीने ठरवायचे. करारावर सही करण्यापूर्वी संसदेची संमती घेण्याचे बंधन सरकारवर नाही. राज्यांना विचारण्याचे तर नाहीच. आग्नेय आशियाई राष्ट्रांशी २००९ साली करार झाला, तेव्हा रबर, मिरी व नारळ यांच्या चिंतेने केरळमध्ये मानवी साखळी उभारली गेली; पण साखळी रस्त्यावर राहिली आणि करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला.

बँकॉकनंतर भारताने एकेका देशाशी स्वतंत्र करार करण्याचा मार्ग धरला. एप्रिल २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाशी आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी सह्या झाल्या. डिसेंबर २०२५ मध्ये न्यूझीलंडशीही वाटाघाटी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. या तिन्ही ठिकाणी दुग्धजन्य पदार्थांना मुख्यतः सवलतींबाहेर ठेवण्यात आले. हा २०१९ च्या जनमताचा टिकलेला परिणाम आहे आणि त्याचे श्रेय संघटित उत्पादकाला दिलेच पाहिजे. परंतु एका मोठ्या परिषदेवर लक्ष ठेवणे सोपे असते. दहा ठिकाणी, दहा वेळी, बंद दाराआड चालणाऱ्या बोलण्यांवर लक्ष ठेवणे कठीण असते. आज वगळलेली वस्तू उद्याच्या फेरविचारात परत येऊ शकते.

यातून कार्यकर्त्यांपुढे तीन कामे उभी राहतात. पहिले, कोणत्याही व्यापार कराराचा मसुदा सहीपूर्वी संसदेपुढे आणि शेतीपुरता राज्यांच्या विधिमंडळांपुढे आलाच पाहिजे, ही मागणी सातत्याने लावून धरणे. दुसरे, उसाला जसा १९६६ च्या नियंत्रण आदेशाने किमान दराचा आणि १४ दिवसांत पैसे मिळण्याचा कायदेशीर आधार आहे, तसा आधार दुधाला मिळवून देणे. तो सहकारी आणि खाजगी या दोघांनाही बंधनकारक हवा आणि पुष्टकाळातील जादा भुकटीचा साठा करण्याची जबाबदारी सरकारने घ्यायला हवी. तिसरे काम गावातले आहे. पहाटे उठून धार काढते बाई आणि दूध संस्थेचे सभासदत्व असते बहुधा पुरुषाच्या नावावर. वार्षिक सभेत फॅटच्या काट्याबद्दल, सरकी पेंडीच्या दराबद्दल, दिवाळीच्या फरकाबद्दल जिला विचारता येत नाही, तिच्या वतीने परदेशी करारावर कोण बोलणार? तिचे नाव सभासद यादीत आणणे हे व्यापार धोरणाबाहेरचे काम नव्हे. त्या धोरणावर अंकुश ठेवणारी शक्ती त्यातूनच तयार होईल.

कराराबाहेर पडून देशाने सवड मिळविली. सवड ही वापरली तरच उपयोगाची. एरवी ती पुढच्या पेचाची प्रतीक्षा ठरते. गेल्या काही वर्षांत ती बरीचशी वाया गेली आहे. उरलेली कशी वापरायची, याचा निर्णय दिल्लीवर सोपवून चालणार नाही. गावच्या दूध संस्थेत हा प्रश्न विचारला जाईल, तेव्हाच तो दिल्लीला ऐकू जाईल.