आवाज आहे, शब्द नाहीत
(उत्सवाच्या तयारी-बैठकीत केलेलं भाषण)



मी वक्ता नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आणि राज्य सरकारची नोकरी, एवढंच माझं भांडवल. उत्सवात माझी जागा स्टेजच्या मागे, वायरींच्या गुंत्यात. आज काकांनी पुढे उभं केलंच आहे, तर ज्यातलं थोडंफार कळतं त्यावरच बोलतो.

गेल्या वर्षी नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात मागच्या रांगेतून निरोप आला, "आवाज आहे, पण शब्द कळत नाहीत." आम्ही काय केलं? आवाज वाढवला. लहान मुलं कानांवर हात ठेवून बाहेर पळाली आणि आजी-आजोबांना शब्द तरीही कळले नाहीत.

हेच माझ्या घरीही चाललं होतं. मी म्हणायचो, "बाबा, सात वाजता निघायचंय." ते विचारायचे, "आत काय वाजतंय?" आम्ही हसायचो. मोठ्यानं बोललो तर म्हणायचे, "ओरडू नकोस, मी बहिरा नाही." हळूहळू त्यांनी कार्यक्रमांना येणंच सोडलं. आम्हाला वाटलं, वयाप्रमाणे स्वभाव बदलला.

एका रविवारी मुलानं मोबाइलवर टेस्ट टोन लावले. टेस्ट टोन म्हणजे एकाच कंपनसंख्येचा, सरळ, एकसुरी आवाज. सेकंदाला एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ. तरुण निरोगी कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, असं पुस्तकात असतं. आम्ही तिघांनी एकच इअरफोन, एकच बेताचा आवाज ठेवून ऐकलं. १,००० हर्ट्झ तिघांनाही ऐकू आला. मुलगा १६,००० पर्यंत गेला. मी १२,००० ला थांबलो. बाबा ५,००० च्या पुढे म्हणाले, "बंद केलंस का?" केलं नव्हतं. त्या दिवशी हसू आलं नाही.

कारण साधं आहे. कानातल्या शंखाकृती भागात बारीक केसांसारख्या पेशी असतात. बारीक, उंच आवाजांच्या पेशी अगदी दाराशी असतात. उंबरठा जसा आधी झिजतो, तशा वयानं आणि गोंगाटानं त्या आधी जातात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

आता पेटी डोळ्यांसमोर आणा. मधल्या सप्तकातली पांढरी एक सुमारे २६२ हर्ट्झची. दर सप्तकाला आकडा दुप्पट होतो: ५२३, १०४६, २०९३, ४१८६. 'आ', 'ओ' या स्वरांचा जोर यातल्या खालच्या भागात असतो. 'स'चा सूऽ बहुतेक ४,००० च्याही वर. तो गेला की 'सात'चं 'आत' होतं आणि 'साठ'चं 'आठ'. म्हणून बाबांना आवाज ऐकू यायचा, शब्द नाही. त्यांचं म्हणणं खरंच होतं.

यंदा सभागृहातले स्पीकर आम्ही याच टोननी तपासले. आधी १०० हर्ट्झचा टोन दोन्ही स्पीकरना देऊन मधोमध उभे राहिलो. घुमारा पोकळ वाटला. एका स्पीकरच्या तारांचे प्लस-मायनस बदलल्यावर तो भरला. एक जोडणी उलटी होती. मग टोन हळूहळू चढवत नेला. १६० च्या आसपास सभागृह ढोलासारखं घुमलं आणि कपाटाची काच थरथरली. तेवढी पट्टी इक्वलायझरवर खाली आणली. उंच आवाज मात्र टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. आमचे हॉर्न छताच्या पंख्यांकडे बघत होते. ते मागच्या रांगेच्या कानांकडे वळवले. एकच टोन भिंतींवरून परतून जागोजाग कमीजास्त होतो, म्हणून शेवटी पिंक नॉइज, म्हणजे धो धो पावसासारखा सगळ्या पट्ट्यांचा आवाज लावून सभागृहभर फिरलो.

मग बाबांना शेवटच्या रांगेत बसवलं. माझ्या मुलीनं माइकवर साध्या आवाजात दहा शब्द वाचले: सात, साठ, हात, आठ, असे. तारा-पट्ट्या जुन्याच असताना बाबांनी चार बरोबर लिहिले होते. आता आठ लिहिले, आणि आवाजाचं बटण गेल्या वर्षीपेक्षा खालीच होतं.

दोन सूचना. टोन नेहमी बारीक आवाजात सुरू करा. उंच टोन ऐकू येत नाही म्हणून बटण वाढवत गेलात, तर स्पीकरचा ट्वीटर जळेल, आणि शेजारी बसलेल्या नातवाचे कान दुखावतील. दुसरी, मोबाइल म्हणजे तपासणी नव्हे. कानाच्या डॉक्टरांकडे २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंत रीतसर ऑडिओमेट्री होते. बाबांची तशी झाली. आता ते यंत्र लावतात. कुरकुरतात, पण लावतात.

तरुण कार्यकर्त्यांना आणखी एक सांगतो. कारखान्यातल्या कामगारांसाठी अमेरिकेच्या निऑश संस्थेनं ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा सुचवली आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. मिरवणुकीत भिंतीएवढ्या स्पीकरपुढे आपण किती वेळ नाचतो, त्याचा हिशोब ज्याचा त्यानं करावा.

माझी विनंती एवढीच. मिक्सरवर बसणाऱ्या मुलाचे कान वीस वर्षांचे असतात. त्याला सगळंच छान ऐकू येतं. म्हणून दर कार्यक्रमाआधी सत्तरीच्या एका काका-काकूंना शेवटच्या रांगेत बसवा, दहा शब्द वाचा, आणि त्यांनी 'कळलं' म्हटल्यावरच पडदा उघडा.

यंदा त्या खुर्चीवर पहिल्या दिवशी बाबा बसणार आहेत. सात वाजता.

गणपती बाप्पा मोरया!