यंत्रा, तू आत्ता कुठे आहेस?



जबलपूरचा मे महिना कसा असतो, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. अशाच एका दुपारी इथल्या एका छोट्या कारखान्यात मी प्रेस मशीनपाशी उभा होतो. मशीन हवेच्या दाबावर चालणारे. पत्र्याचा तुकडा ठेवायचा, दोन बटणे दाबायची, सिलिंडर खाली येतो, तुकडा दाबतो आणि वर जातो. सिलिंडर खाली असतानाच वीज गेली. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमुळे तो आपोआप वर गेला. अर्धवट दाबलेला तुकडा काढायला ऑपरेटरने हात आत घातला. तेवढ्यात जनरेटर सुरू झाला आणि बटणाला कुणीही हात न लावता सिलिंडर खाली आला. हात वेळेत निघाला, हातमोजा आत राहिला. ‘‘साहब, मशीन अपने आप चल गई,’’ एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मशीन अपने आप काही करत नाही. त्याचा प्रोग्रॅम मी लिहिला होता.

रात्री बसून तो उघडला. ‘खाली जा’ असे सांगणारा एक बिट मी पीएलसीच्या अशा मेमरीत ठेवला होता, जी वीज गेली तरी पुसली जात नाही. वीज आली, बिट जागेवरच होता, व्हॉल्व्ह उघडला. शिवाय बटणे एकदा दाबून सोडली तरी काम पुढे चालायचे. दोन्ही हात बटणांवरच गुंतलेले राहावेत, हा दोन बटणांचा मूळ हेतूच त्यामुळे वाया गेला होता.

पण खरी चूक याहून खोल होती. प्रोग्रॅममध्ये असे वीसेक बिट विखुरलेले होते. वीस बिटांच्या जुळण्या किती होतात? दहा लाखांहून अधिक. त्यातल्या पाच-सहा मी डोक्यात धरून लिहिल्या होत्या. बाकीच्या जुळण्यांत मशीन काय करेल, हे मलाही माहीत नव्हते. त्या दुपारी मशीन अशाच एका अनोळखी जुळणीत जाऊन पोचले होते.

मग मी तो प्रोग्रॅम टाकून दिला आणि कागद घेतला. कागदावर सहा चौकोन काढले: थांबलेले, तयार, खाली येणे, दाब धरणे, वर जाणे, दोष. यांना आपण अवस्था म्हणू. नियम एकच, मशीन एका वेळी एकाच अवस्थेत असेल. प्रत्येक चौकोनाला तीन प्रश्न विचारले. या अवस्थेत कोणता व्हॉल्व्ह उघडा? पुढे जायला कोणता पुरावा हवा? आणि पुराव्याची वाट किती वेळ पाहायची?

‘खाली येणे’ घ्या. व्हॉल्व्ह उघडा, दोन्ही बटणे दाबलेली. खालचा लिमिट स्विच लागला की ‘दाब धरणे’. दोन सेकंदांत लागला नाही तर ‘दोष’. बटण सुटले तर व्हॉल्व्ह बंद आणि ‘वर जाणे’. वीज गेली आणि परत आली तर नेहमी ‘थांबलेले’. तिथून पुढे जायला माणसाने येऊन, बघून, रीसेटचे बटण दाबायचे. मशीनने आपल्या आठवणीवर विश्वास ठेवायचा नाही.

यात नवे काही नाही. फ्रान्समध्ये १९७७ साली याच विचारातून ग्राफसेट नावाची आकृती तयार झाली. पुढे १९९३ च्या आयईसीच्या पीएलसी मानकात तिचे भावंड ‘सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट’ म्हणून आले. आज बहुतेक मोठ्या पीएलसीत ते मिळते. नसेल तर साध्या लॅडरमध्ये अवस्थेचा एक आकडा ठेवूनही हे करता येते.

आणि जबलपूरकरांना तर हे रोज दिसते. १८७० साली मुंबईकडची जीआयपी आणि कोलकात्याकडची ईस्ट इंडियन या दोन रेल्वे याच गावात जोडल्या गेल्या. आज स्टेशनात गाडी शिरते तेव्हा मागे हाच विचार असतो. मार्ग मागितला, रूळ मोकळा असल्याचा पुरावा मिळाला, काटे वळले, वळून घट्ट बसल्याचा पुरावा मिळाला, मार्ग कुलूपबंद झाला, मगच सिग्नल हिरवा. गाडी जवळ आल्यावर मार्ग रद्द केला, तरी काटे लगेच हलत नाहीत. सिग्नल लाल होतो आणि साधारण दोन मिनिटे मार्ग कुलूपबंदच राहतो, कारण चालत्या गाडीला थांबायला वेळ लागतो. जून २०१५ मध्ये इटारसीची रिले इंटरलॉकिंग यंत्रणा आगीत जळाली, तेव्हा शेकडो गाड्या रद्द झाल्या, महिनाभर लोकांचे हाल झाले. हाल झाले खरे, पण पुरावा नसेल तर गाडी थांबते किंवा हळू चालते, हेच तर हवे.

आता या पद्धतीची मर्यादाही ऐका. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता, काटा मात्र लूप लाइनकडे वळलेला होता. २९० हून अधिक माणसे गेली. चौकशीत सिग्नलच्या वायरिंगमधले बदल आणि त्यांतल्या त्रुटी पुढे आल्या. तर्क कितीही चोख असला, तरी पुरावा आणणारी तार खोटे बोलली तर तर्क त्या खोट्यावरच चालतो. म्हणून एक तार जरी हलवली, तरी पुन्हा सगळ्या अवस्था तपासायच्या. आणि आणीबाणीचे लाल बटण प्रोग्रॅमच्या भरवशावर ठेवायचे नाही. त्याची सेफ्टी रिले वेगळी, वायरिंग वेगळे. प्रोग्रॅमला फक्त कळवायचे की बटण दाबले गेले आहे.

शेवटचा मुद्दा समजण्याचा. पूर्वी ते मशीन अडले की फोन यायचा, ‘‘साहब, बंद है.’’ मी लॅपटॉप घेऊन धावायचो. आता पडद्यावर हिंदीत लिहून येते: वर जाणे चालू, वरच्या लिमिट स्विचची वाट पाहत आहे. ऑपरेटर स्विचपाशी जातो, अडकलेला पत्र्याचा कीस काढतो, रीसेट करतो. मला फोनच येत नाही. ज्याला मशीन समजते, तो वैतागून स्विचला तार बांधत नाही. निम्मे अपघात तिथेच टळतात, असे माझे मत आहे.

उद्या कामावर गेलात की आपल्या एका मशीनपाशी उभे राहा आणि विचारा, तू आत्ता कुठे आहेस? कशाची वाट बघतोयस? आत्ता वीज गेली आणि परत आली, तर काय करशील? उत्तर मिळाले नाही, तर प्रोग्रॅमला हात लावण्याआधी कागद घ्या आणि चौकोन काढा.

तो हातमोजा मी मागून घेतला होता. अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. नवा प्रोग्रॅम लिहायला बसण्याआधी मी तो खण एकदा उघडतो.