बागेतील गोल दगडी अंगण

घराच्या बागेत बसण्या-उठण्यासाठी जमिनीलगत केलेल्या दगडी फरसबंदीला हल्ली वास्तुरचनाकारांच्या बोलीत पॅटिओ म्हणतात. हा शब्द मूळचा स्पॅनिश असून त्याचा तेथील अर्थ घराच्या पोटातले उघडे आवार, म्हणजे मराठी वाड्यातल्या चौकाच्या जवळपासचा, असा आहे. मराठीत अशा जागेला ओटा म्हणण्याचा मोह होतो, परंतु ओटा जमिनीपासून उचललेला असतो, पार तर झाडाच्या बुंध्याभोवती बांधलेला असतो, आणि येथे अभिप्रेत असलेली जागा बागेच्या मातीशी समतल असते. म्हणून या व्याख्यानात तिला गोल दगडी अंगण असेच म्हटले आहे. गोल जमीन मराठी मुलखाला नवी नाही. शेतातले खळे गोल असे, कारण मधोमध रोवलेल्या तिवड्याला दावणीने बांधलेले बैल त्याच्याभोवती फिरत आणि दावणीची लांबी हीच खळ्याची त्रिज्या ठरे. चुन्याची घाणीही याच कारणाने गोल असे. तेथे गोलाई सौंदर्यासाठी योजलेली नव्हती, ती कामातून आपोआप आली होती. बागेतल्या अंगणात मात्र ती हौसेने आणली जाते, आणि हौसेचा आकार दगडात उतरवताना दगड त्या आकाराला सहजासहजी राजी होत नाही, ही या विषयातली खरी अडचण आहे.

ही अडचण समजण्यासाठी आधी दगड पाहिला पाहिजे. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भूभाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाच्या थरांनी बनलेला असून त्यातून मिळणारा काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट, हा देशावरचा घरचा दगड होय. एका घनमीटरचे वजन सुमारे 2.8 टन भरेल इतका तो घट्ट असतो, पाणी फारच थोडे शोषतो आणि पिढ्यान्‌पिढ्या पायाखाली राहूनही फारसा झिजत नाही. मात्र तो घडवणे कष्टाचे असते आणि वैशाखाच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. कोकणातला जांभा याच्या उलट स्वभावाचा आहे. खाणीतून नुकताच काढलेला जांभा मऊ असतो, त्याचे चिरे सहज कापता येतात आणि हवा लागल्यावर तो कठीण होतो. पण त्याच्या सच्छिद्रपणामुळे पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते आणि अंगण घसरडे होते. तिसरा पर्याय शहाबादी फरशीचा. ती कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून येते आणि जातीने चुनखडक आहे. त्याच्या थरांच्या नैसर्गिक पातळ्यांवर तो पापुद्र्यांसारखा सुटत असल्याने सपाट फरशा आयत्या मिळतात. चुनखडकावर आम्लाचा परिणाम होतो, त्यामुळे लिंबू, चिंच किंवा फरशी धुण्याचे ॲसिड सांडले की चट्टा कायमचा पडतो. राजस्थानातला कोटा हाही चुनखडकच असून त्याला तोच नियम लागू आहे.

गोल अंगणासाठी या सर्वांत काळ्या पाषाणाची खांडकी, म्हणजे छन्नीने ओबडधोबड चौकोनी घडवलेले लहान ठोकळे, सर्वांत योग्य ठरते, आणि याचे कारण भूमितीत आहे. मोठी फरशी गोलात बसवायची तर कडेला ती यंत्राने कापावी लागते, आणि कापलेला दगड वाया तर जातोच, शिवाय त्याची कड पाव कापून ठेवल्यासारखी दिसते. लहान ठोकळ्यांनी मात्र वर्तुळ न कापता साधते, कारण दोन ठोकळ्यांमधला सांधा बाहेरच्या बाजूला किंचित रुंद ठेवला की रांग आपोआप वळते.

हे किंचित म्हणजे किती, याचा हिशेब मांडून पाहिल्यास कारागिराच्या अडचणी नेमक्या कोठे येतात ते कळते. सुमारे 12 फूट, म्हणजे 3.6 मीटर, व्यासाचे अंगण घेतले तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे 10.2 चौरस मीटर भरते. चार-पाच खुर्च्या आणि एक लहान टेबल एवढ्यांना ते पुरते. मध्यभागी 30 सेंटिमीटर व्यासाचा एक गोल दगड आणि त्याभोवती प्रत्येकी 15 सेंटिमीटर रुंदीची अकरा वलये, अशी रचना या मापात चपखल बसते. वलयाची रुंदी कायम ठेवली की प्रत्येक नव्या वलयाचा परीघ आधीच्या वलयापेक्षा सुमारे 94 सेंटिमीटरनेच वाढतो, मग ते वलय केंद्राजवळचे असो की कडेचे; म्हणजे सांध्यासह 15 सेंटिमीटर जागा घेणारा दगड असेल, तर प्रत्येक वलयाला आधीच्यापेक्षा सरासरी सहा दगड जास्त लागतात. पहिल्या वलयात नऊ, शेवटच्यात बहात्तर आणि सर्व मिळून साधारण साडेचारशे दगड होतात. दगडाची जाडी 10 सेंटिमीटर धरल्यास त्यांचे वजन अडीच टनांच्या आसपास जाते, आणि हा आकडा गाडीवाल्याला आधी सांगितलेला बरा.

मात्र वाढीव 94 सेंटिमीटर सगळीकडे सारखे असले तरी ते वाटून घेणारे दगड सारखे नसतात. शेवटच्या वलयात ते बहात्तर दगडांत वाटले जातात आणि प्रत्येक सांधा आतल्यापेक्षा बाहेर जेमतेम सव्वा सेंटिमीटर रुंद होतो, जो डोळ्यांना जाणवतही नाही. पहिल्या वलयात तेच अंतर नऊ दगडांवर पडते आणि प्रत्येकाच्या वाट्याला साडेदहा सेंटिमीटर येतात, म्हणजे जवळपास अख्ख्या दगडाएवढी भेग. म्हणून केंद्राजवळच्या चार-पाच वलयांतले दगड पाचरीसारखे, आत अरुंद आणि बाहेर रुंद असे, घडवून घ्यावे लागतात आणि त्यापुढे चौकोनी खांडकी चालते. पुष्कळ ठिकाणी नेमके उलट होते: कडेची वलये नीट बसवून उत्साह आणि दगड संपत आले की मधला भाग सिमेंटने भरून टाकला जातो, आणि पाहणाऱ्याची नजर जेथे सर्वांत आधी जाते तेथेच ठिगळ राहते. जुन्या जात्याची तळी मिळाल्यास मधल्या जागी ती शोभते. तळी मोठी असेल तर पहिले वलयही तिच्यातच सामावते आणि सर्वांत अवघड नऊ दगड घडवण्याचे श्रम वाचतात. सोयीसाठी सुचवलेला हा उपाय आहे, जाते जपण्याच्या भावनेशी त्याचा संबंध नाही.

आखणीची रीत फार जुनी आहे. खुंटी आणि दोरी यांनी वर्तुळ काढण्याची कृती शुल्बसूत्रांत यज्ञवेदींच्या संदर्भात येते, आणि शुल्ब या शब्दाचा अर्थच दोरी असा आहे. गार्हपत्य अग्नीची जागा गोल आणि आहवनीयाची चौरस असल्याने, चौरसाएवढ्याच क्षेत्रफळाचे वर्तुळ कसे काढावे हा प्रश्न त्या सूत्रकारांपुढे होता. बौधायनाने दिलेली रीत अशी की, चौरसाच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर मध्यापासून बाजूपर्यंतच्या अंतरापेक्षा जितके जास्त भरेल, त्याचा तिसरा हिस्सा बाजूपर्यंतच्या अंतरात मिळवला की त्रिज्या मिळते. आजच्या हिशेबाने या वर्तुळाचे क्षेत्रफळ चौरसापेक्षा पावणेदोन टक्क्यांच्या आतबाहेर जास्त येते. बागेच्या कामात इतकी चूक क्षम्य आहे. तेथे चूक होते ती दोरीच्या ताणाने. सुतळी ओली झाली की तिची लांबी बदलते आणि ओढली की ती ताणते, त्यामुळे सकाळी आखलेले वलय दुपारच्या वलयाशी जुळत नाही. यासाठी केंद्रात लाकडी खुंटीऐवजी लोखंडी सळई रोवून, तिच्याभोवती सैल फिरणारी आणि दर 15 सेंटिमीटरवर खूण केलेली लाकडी पट्टी वापरावी, आणि शेवटचा दगड बसेपर्यंत ती सळई हलवू नये. केंद्र एकदा गमावले की वर्तुळ पुन्हा सापडत नाही, आणि खोदकामाच्या गडबडीत खुंटी उपटली जाणे ही सर्वांत नेहमीची दुर्घटना आहे.

खोदकामात जमिनीचा स्वभाव निर्णायक ठरतो. मुरमाड जमिनीत साधारण 30 सेंटिमीटर खोली पुरते: तळाशी 15 सेंटिमीटर ठोकून बसवलेला मुरूम, त्यावर सुमारे 5 सेंटिमीटर दगडी कच आणि त्यावर 10 सेंटिमीटरचा दगड. खड्डा अंगणाच्या कडेपासून चौफेर 15 सेंटिमीटर बाहेरपर्यंत घ्यावा लागतो, नाहीतर कडेच्या वलयाखाली अर्धा भराव आणि अर्धी बागेची भुसभुशीत माती अशी अवस्था होते. एवढ्या खड्ड्यातून सव्वा ब्रास माती निघते (ब्रास म्हणजे 100 घनफूट), आणि उकरलेली माती फुगत असल्याने प्रत्यक्ष ढीग त्याहून मोठा दिसतो. तो कोठे टाकायचा हे कुदळ मारण्यापूर्वीच ठरलेले असावे. काळ्या मातीत मात्र हे माप कामाचे नाही. या मातीत पाणी धरून फुगणारी चिकणमाती असते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावरचे अंगण दरवर्षी थोडे उचलले जाऊन पुन्हा खाली बसते. अशा जागी दीड-दोन फुटांपर्यंत काळी माती काढून तेथे मुरूम भरण्याखेरीज उपाय नाही, आणि खर्च वाचवण्यासाठी ही पायरी गाळली तर पुढची सगळी कारागिरी व्यर्थ होते.

मुरूम एकदम ओतून वरून धुमस मारल्याने फक्त वरचा थर दबतो, आत पोकळी तशीच राहते; त्यामुळे तो सात-आठ सेंटिमीटरच्या थरांनी पसरून, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून स्वतंत्रपणे ठोकला पाहिजे. पाणी किती, याची गवंड्यांची कसोटी सोपी आहे: मूठभर मुरूम आवळल्यावर गोळा व्हावा, पण हात ओला होऊ नये. जास्त पाण्याने मुरूम दबण्याऐवजी पायाखाली हलू लागतो.

यानंतर उताराचा विचार येतो, आणि येथे गोल आकार चौकोनापेक्षा सोयीचा ठरतो, कारण मध्य किंचित उंच ठेवला की पाणी सर्व बाजूंना वाहून जाते. साठास एक, म्हणजे 60 सेंटिमीटर अंतरावर 1 सेंटिमीटर, एवढा उतार दिला तर या अंगणाचा मध्य कडेपेक्षा केवळ 3 सेंटिमीटर उंच राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि त्यावर खुर्चीही डगमगत नाही. अंगण घराच्या भिंतीला लागून असल्यास हा मधल्या उंचवट्याचा मार्ग सोडून सगळा उतार भिंतीपासून दूर द्यावा, नाहीतर पायात पाणी मुरते. पाण्याचे प्रमाण कमी लेखू नये. वर्षाला 70 सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या गावी एवढ्याशा अंगणावर सुमारे 7,000 लिटर पाणी पडते, आणि 3 मीटर पाऊस पडणाऱ्या कोकणात 30,000 लिटर.

याच कारणासाठी सिमेंटच्या बिछान्यावर दगड चिकटवण्याची प्रचलित पद्धत बागेत नापसंत करावी लागते. सिमेंटचे अंगण पाण्याला अडवते, त्याखालची जमीन हलली की तडकते, आणि तडकलेला भाग फोडल्याशिवाय दुरुस्त होत नाही; शिवाय जवळ आंबा किंवा चाफा असेल तर त्याच्या मुळांना मिळणारे पाणी आणि हवा तुटते. कचावर कोरडे बसवलेले दगड मात्र थोडेसे हलतात, पाणी सांध्यांतून मुरू देतात आणि एखादा दगड खचला तर तेवढाच उचलून खाली मूठभर कच घालता येतो. कोरड्या कामाची उणीव एकच: त्याला कडेने धरून ठेवणारे कोणीतरी लागते, कारण पायांच्या आणि खुर्च्यांच्या भाराने वलये हळूहळू बाहेर सरकू पाहतात. म्हणून शेवटच्या वलयाचे दगड आडवे न बसवता उभे, निम्म्याहून अधिक पुरलेले ठेवावेत आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला, मातीखाली झाकली जाईल अशी, काँक्रीटची पट्टी द्यावी. सिमेंटचा उपयोग येथे, आणि एवढाच, समर्थनीय आहे.

दगड बसवताना काम मध्यापासून बाहेर जाते आणि कारागीर नेहमी बसवलेल्या भागावर बसून पुढचा दगड लावतो, म्हणजे सारखा केलेला कच तुडवला जात नाही. बसवण्यापूर्वी प्रत्येक दगडावर हातोडीची हलकी टिचकी मारून आवाज ऐकण्याची पाथरवटांची सवय उचलण्यासारखी आहे. अखंड दगड खणखणतो, आत चीर असलेला बद्द वाजतो. लागून असलेल्या दोन वलयांतले सांधे एका रेषेत येऊ देऊ नयेत, परंतु वलयागणिक सहा दगड वाढत असल्याने काही ठिकाणी ते येणारच, आणि तेथे थोडा रुंद किंवा अरुंद दगड निवडून घ्यावा. सारख्या मापाचे यंत्रघडीव ठोकळे या कामात फारसे उपयोगी पडत नाहीत ते यामुळेच. सर्व दगड बसल्यावर बारीक कच झाडूने सांध्यांत लोटावा, पाणी मारावे, खाली बसलेल्या जागी पुन्हा कच लोटावा, आणि हे तीन-चार वेळा करावे. सांध्यांत पुढे हरळी उगवते. ती राहू दिली तर कच धरून ठेवते. लव्हाळा मात्र गाठीसकट काढलाच पाहिजे.

व्याख्यानमालांचा जो हंगाम, तोच या कामाचाही हंगाम आहे. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत जमीन कोरडी असते आणि मुरूम नीट दबतो. पावसाच्या तोंडावर घाईने केलेले अंगण श्रावणातच खड्डे दाखवू लागते. नीट केलेल्या अंगणातही पहिल्या पावसाळ्यानंतर पाच-दहा दगड खाली बसलेले आढळतात. हा दोष मानण्याचे कारण नाही, भरावाने शेवटची बैठक घेतल्याची ती खूण असते. दसऱ्याच्या सुमारास तेवढे दगड पहारीने उचलून, खाली कच घालून परत ठोकले की पुढे बरीच वर्षे पाहावे लागत नाही. त्या वेळी एखादा दगड फुटतोही, म्हणून साडेचारशेच्या हिशेबात वीस-पंचवीस दगड जास्तीचे घेऊन ते कुंपणाशी रचून ठेवावेत. त्याच खाणीतला तोच थर पुढच्या वर्षी मिळेलच असे नाही, आणि काळ्या दगडाच्याही काळेपणात बराच फरक असतो.